आपण रुवैसला, घर महाराष्ट्रात आणि घरात भाडेकरू

आजच्या भागात घराबद्दल बोलू या. इथल्या नव्हे, तिकडच्या.

आपल्या रुवैसची एक खासियत आहे. अबू धाबी शहरापासून पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवर, अल धफ्राच्या किनाऱ्यावरच्या या गावात आपल्यातली बहुतेक कुटुंबं कंपनीनं दिलेल्या घरात राहतात. नोकरी आहे तोवर घर आहे, नोकरी संपली की किल्ली परत. पंधरा-पंधरा वर्षं एकाच व्हिलात राहिलेली मंडळी आहेत. मुलं इथेच चालायला शिकली, अंगणात कढीपत्ता वाढला. तरी ‘आता हे घर आमचं झालं’ असं कुणी म्हणत नाही. वापर आपला आणि मालकी कंपनीची, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

स्वतःचं म्हणावं असं घर मात्र पिंपरी-चिंचवडला, नाशिकला, ठाण्याला नाहीतर कोल्हापुरात असतं. दिरहम जमवून हप्ते फेडलेले असतात. त्या घराला बहुतेक वेळा कुलूप असतं किंवा त्यात भाडेकरू असतो. आणि दोन्हीची धास्ती वाटते. कुलूप असेल तर ओल, वाळवी, मेंटेनन्स आणि घरपट्टी. भाडेकरू असेल तर ‘तो बाहेर निघेल ना?’

या धास्तीपोटी आपण दोन चुकीच्या वाटा धरतो. कागद कच्चा ठेवतो आणि माणसावर पहारा बसवतो. करार नोटरीवर उरकायचा, आणि मग मामांना सांगायचं, ‘अधूनमधून चक्कर मारून बघा हो, कोण येतं, कोण जातं.’ करायला हवं नेमकं उलट. कागद इतका पक्का ठेवायचा की पहाऱ्याची गरजच पडू नये, आणि आत राहणाऱ्याला एका मोठ्या, जबाबदार माणसासारखं मोकळं राहू द्यायचं. हे कसं जमवायचं ते आज पाहू.

भीती आली कुठून?

आपल्या आई-वडिलांच्या पिढीची भीती निराधार नव्हती. मुंबईत १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला, भाडी गोठली आणि भाडेकरूला काढणं फार कठीण झालं. पागडीची पद्धत त्याच काळात फोफावली. यातून सुटका म्हणून मालक ‘भाड्यानं’ न देता ‘लीव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे फक्त वापराच्या परवानगीवर, जागा देऊ लागले. मग १९७३ मध्ये कायदा दुरुस्त झाला. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी ज्यांचा असा परवाना चालू होता आणि जे त्या जागेत राहत होते, त्यांना कायद्यानं भाडेकरू मानलं गेलं. मालकांनी विश्वासानं दिलेली जागा एका तारखेनं अडकून पडली. ‘घर बंद राहिलेलं परवडलं, पण कुणाला देऊ नये’ हा सल्ला त्या अनुभवातून आला आहे.

पण त्यानंतर कायदा बदलला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. राहण्यासाठी परवान्यावर दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळावी, यासाठी त्यात वेगळी आणि तुलनेनं जलद वाट आहे. म्हणजे वडिलांची भीती जुन्या कायद्यातली आहे आणि आपला व्यवहार नव्या कायद्यातला.

दुसरी भीती बारा वर्षांची. ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं’ असं सर्रास ऐकू येतं. मुदतीच्या कायद्यातला बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काला न जुमानता, उघडपणे ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे. जो तुमच्या परवानगीनं राहतो, दरमहा तुम्हाला पैसे देतो आणि करारावर तुम्हाला मालक म्हणून मान्य करतो, त्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध नसतोच. आपल्या पत्त्यावर त्यानं आधार कार्ड केलं, गॅस घेतला, पासपोर्ट काढला, तरी त्यातून मालकी मिळत नाही. पत्त्याचा पुरावा हा तो कुठे राहतो याचा पुरावा असतो, एवढंच.

लीव्ह अँड लायसन्स म्हणजे काय?

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. कंपनीच्या घराशी आपलं जे नातं आहे, साधारण तसंच हे नातं आहे. राहायची परवानगी मिळते, जागेत मालकीहक्कासारखा कोणताही हक्क तयार होत नाही. मराठी दस्तांत याला ‘संमती व परवाना करारनामा’ म्हणतात. देणारा परवाना देणारा, राहणारा परवानाधारक. बोलताना आपण भाडेकरूच म्हणतो आणि मीही आज तोच शब्द वापरणार आहे. पण कागदावर शब्द चोख हवेत.

या कायद्यातली तीन कलमं प्रत्येक घरमालकानं लक्षात ठेवावीत.

कलम २४. परवान्याची मुदत संपली की राहणाऱ्यानं जागा सोडायची. नाही सोडली तर मालक नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी ‘सक्षम प्राधिकारी’ या अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदतीनंतर जितके दिवस तो राहील, तितक्या दिवसांसाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं भरपाई त्याच्यावर बसते. आणि लेखी परवाना करारात जे लिहिलं आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो.

कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अटींवरून वाद झाला तर राहणारा सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या आहेत हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर येतं.

कलम २८. मालकाला जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे, पण आधी कळवून आणि सोयीच्या, वाजवी वेळी. या कलमाकडे आपण पुढे परत येऊ.

अकरा महिन्यांचा गैरसमज

‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते’ हे एजंटही सांगतात आणि नातेवाईकही. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट निघाली. पण महाराष्ट्रात कलम ५५ आहे. इथे अकरा महिने असोत की पाच वर्षं, नोंदणी हवीच. नोटरी केलेला कागद ऐन वादाच्या वेळी आपल्या बाजूनं उभा राहत नाही.

गंमत बघा. अबू धाबी शहरात घर भाड्यानं घेतलेल्या आपल्या मंडळींना ‘तौथीक’ची सवय आहे. दुबईकरांना ‘इजारी’ची. त्या नोंदणीशिवाय वीज-पाण्याचं कामही अडतं, म्हणून कुणी कुरकुर करत नाही. आणि पुण्यातल्या स्वतःच्या घराची वेळ आली की मात्र ‘नोंदणी कशाला, ओळखीतलाच मुलगा आहे’!

खर्चही घाबरण्याइतका नाही. राहत्या घराच्या परवाना कराराला साठ महिन्यांपर्यंतच्या मुदतीसाठी मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. समजा, दरमहा २५,००० रुपये, मुदत २४ महिने, परत करायची अनामत १ लाख. चोवीस महिन्यांचे झाले ६ लाख. अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून दोन वर्षांचे २० हजार त्यात मिळवायचे. एकूण ६ लाख २० हजार. त्याचं ०.२५ टक्के म्हणजे १,५५० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५००, वर दस्त हाताळणीचं किरकोळ शुल्क. दोन वर्षांच्या निर्धास्तपणाला एवढा खर्च महाग म्हणता येणार नाही.

रुवैसहून सही कशी करायची?

दोन वाटा आहेत.

पहिली वाट सुट्टीत स्वतः जाऊन करायची. महाराष्ट्रात परवाना कराराची ऑनलाइन नोंदणी होते. आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे देऊन घरबसल्या काम उरकतं, मशीन घेऊन माणूस घरी येतो. अनिवासी भारतीयांना वैध भारतीय पासपोर्टवर आधार काढता येतं, त्यासाठी भारतात सहा महिने राहण्याची अट आता नाही.

इथे एक साधी युक्ती. आपल्या मुलांच्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते आणि बहुतेक कुटुंबं तेव्हाच गावी जातात. मग कराराची मुदत डिसेंबरात किंवा मार्चात का संपवायची? ती जुलैअखेर संपेल अशी बांधा. पहिला करार त्यासाठी दहा किंवा चौदा महिन्यांचा करावा लागला तरी चालेल. नवा करार, घराची पाहणी, रंगकाम, अनामतीचा हिशेब ही सगळी कामं आपण तिथे असताना समोरासमोर होतात.

दुसरी वाट मुखत्यारपत्राची. भाऊ, बहीण, वडील किंवा विश्वासू मित्र यांच्या नावे ते करायचं. परदेशात राहणाऱ्यानं केलेलं मुखत्यारपत्र नोंदणीच्या कामी चालण्यासाठी ते भारतीय दूतावासामार्फत साक्षांकित करून घ्यावं. आपल्याला त्यासाठी अबू धाबी गाठावं लागतं, म्हणजे शिफ्टमधून एक दिवस काढायचा. जाण्याआधी मसुदा तिकडच्या वकिलाला दाखवून घ्या, नाहीतर एका शब्दासाठी पुन्हा अडीच तास गाडी चालवावी लागते. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर तिथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. हे राहून जातं आणि मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात काम अडतं.

मुखत्यारपत्र ‘खास’ ठेवा, सर्वसाधारण नको. ‘अमुक सदनिका परवान्यावर देणे, करारावर सही करणे, नोंदणी करणे, सोसायटी व पोलिसांना कळवणे, मुदतीनंतर ताबा घेणे, त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्यापुढे अर्ज करणे’ एवढेच अधिकार मोजून द्या. विक्री आणि गहाण हे शब्द त्यात नकोत. भावावर विश्वास आहेच, पण मर्यादा लिहिलेली असली की नात्यावरही ताण येत नाही.

कराचं गणित: यात भाडेकरूही अडकतो

हा भाग लक्ष देऊन ऐका, कारण इथे आपल्या गप्प बसण्याचा फटका दुसऱ्याला बसतो.

भारतातल्या घराच्या भाड्यावर भारतात कर लागतो. भारत आणि अमिरातीच्या कर-करारानुसारही स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नावर, मालमत्ता ज्या देशात आहे त्या देशाला कर लावता येतो. ‘दुबईत टॅक्स नाही’ म्हणून पुण्याच्या भाड्यावर सूट मिळत नाही.

मालक भारतात राहणारा असेल तर साध्या पगारदार भाडेकरूला, भाडं महिन्याला ५० हजारांपेक्षा जास्त असलं तरच करकपात करावी लागते. मालक अनिवासी असेल तर अशी कोणतीही किमान मर्यादा नाही. भाडं दहा हजार असलं तरी कपात करायची. दर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. त्यासाठी भाडेकरूला ‘टॅन’ नावाचा क्रमांक घ्यावा लागतो, दरमहा रक्कम सरकारजमा करावी लागते, दर तिमाहीला विवरणपत्र भरावं लागतं आणि मालकाला दाखला द्यावा लागतो. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. म्हणून मी क्रमांक न सांगता काम काय आहे तेवढंच सांगतो.

आता विचार करा. आयटी कंपनीत नोकरी करणारा पंचविशीतला मुलगा. त्याला माहीतच नाही की मालक रुवैसला असतो. तो तुमच्या खात्यात पूर्ण २५ हजार भरत राहतो. उद्या विचारणा झाली तर न कापलेला कर, व्याज आणि दंड त्याच्याकडून वसूल होऊ शकतो. आपण अनिवासी आहोत हे सुरुवातीलाच सांगणं आणि करारात लिहिणं हे आपलं कर्तव्य आहे. व्यवहारात उत्तम उपाय असा, की आपल्याच सी.ए.नं भाडेकरूचा टॅन काढून द्यावा, कर आणि विवरणपत्रं तोच भरेल आणि त्याची फी आपण देऊ. हे करारात लिहा. चांगले भाडेकरू यामुळे टिकतात.

कापलेले पैसे बुडाले का? मुळीच नाही. २५,००० मधून ७,८०० कापले जातात, हाती १७,२०० येतात. वर्षाचं भाडं ३ लाख आणि कपात ९३,६००. आता खरं करपात्र उत्पन्न बघू. समजा, घरपट्टी १२ हजार भरली. उरले २ लाख ८८ हजार. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट, म्हणजे ८६,४००. राहिले २ लाख १ हजार ६००. भारतात दुसरं काही उत्पन्न नसेल तर ही रक्कम करमुक्त मर्यादेच्या आत आहे. म्हणजे विवरणपत्र वेळेवर भरलं तर पूर्ण ९३,६०० परत मिळतात. विवरणपत्र भरलंच नाही तर ते अडकून पडतात. दरवर्षी परताव्याची वाट बघायची नसेल, तर कमी दरानं कपात करण्याचा दाखला आयकर खात्याकडून आधीच मागता येतो. तो भाडेकरूला दिला की तो त्या दरानं कापतो.

भाडं एन.आर.ओ. खात्यात घ्या. आपण अनिवासी झालो की जुनं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. आणि ‘भाडं भावाच्या खात्यात जाऊ दे’ हा सोपा वाटणारा मार्गही नको. उत्पन्न मालकाचंच राहतं, फक्त पुरावा विस्कटतो आणि पुढे भावाला विचारणा होते. कर भरल्यानंतर एन.आर.ओ. खात्यातलं भाडं ठरलेले फॉर्म आणि सी.ए.चा दाखला देऊन इकडे आणता येतं.

सोसायटी आणि पोलीस

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते. ठिकठिकाणचे पोलीस आयुक्त तसे आदेश काढतात आणि ते न पाळणं गुन्हा ठरतो. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर हे काम ऑनलाइन होतं. करार झाला की त्याच दिवशी उरका आणि पोच जपून ठेवा.

सोसायटीला कराराची प्रत द्या. घर भाड्यानं दिल्यावर सोसायटी ‘बिनभोगवटा शुल्क’ लावते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि हे दहा टक्के घरपट्टी वगळून काढायचे असतात. बिल दुप्पट आलं असेल तर या आदेशाचा उल्लेख करून नम्र पत्र लिहा. परदेशातला मालक विचारणार नाही असं गृहीत धरलेलं असतं, म्हणून विचारावं.

आत राहणारा माणूस मोठा आहे

आता मुख्य मुद्दा. कागद झाला, किल्ली दिली. पुढे काय?

घर आपण घामाच्या पैशानं घेतलेलं असतं, म्हणून त्याच्याशी जीव जोडलेला असतो. पण परवाना दिला त्या दिवसापासून ते दुसऱ्या कुणाचं तरी राहतं घर आहे. आत राहणारी व्यक्ती सज्ञान आहे, कमावती आहे, मत देते, कर भरते. तिच्या आयुष्याचे पालकत्व भाड्याबरोबर आपल्याकडे येत नाही.

नेहमीचे प्रसंग घेऊ.

सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो, ‘तुमच्या फ्लॅटमधल्या मुलीकडे मित्र येतात.’ आपण रुवैसला रात्री साडेआठला जेवत असतो, तिकडे दहा वाजलेले असतात. लगेच भाडेकरूला फोन लावायचा मोह होतो. थांबा. सेक्रेटरींना एकच प्रश्न विचारा, ‘काका, आवाजाचा, पार्किंगचा, कचऱ्याचा काही त्रास झाला का?’ झाला असेल तर तेवढाच विषय भाडेकरूशी बोला, शक्यतो लेखी. झाला नसेल तर, ‘त्या सज्ञान आहेत, त्यांच्याकडे कोण येतं हा त्यांचा प्रश्न आहे,’ असं आदरानं सांगता येतं. दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये खुशबू प्रकरणात स्पष्ट केलं आहे, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल २०१७ चा आहे. आपल्याला स्वतःला कसं राहायला आवडतं तो प्रश्न वेगळा.

दुसरा प्रसंग जादा किल्लीचा. मामांकडे किल्ली आहे आणि ते ‘आपलंच तर घर’ म्हणून कुलूप उघडून आत जातात. हे कधीही होऊ देऊ नका. कलम २८ आठवा, पाहणी करायची ती आधी कळवून आणि वाजवी वेळी. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात किमान २४ तास आधी कळवण्याची तरतूद आहे. तो नमुना कायदा आहे, महाराष्ट्रात आपला १९९९ चाच चालतो. पण २४ तासांचा नियम वाजवी आहे, तो आपल्या करारात लिहून टाका. सहा महिन्यांतून एकदा, ठरवून, भाडेकरू घरी असताना पाहणी करा आणि ती नळ, ओल, वायरिंग, खिडक्या एवढ्याचीच. फ्रिजमध्ये काय आहे आणि भिंतीवर कुणाचा फोटो आहे हे बघायला आपण गेलेलो नसतो.

तिसरा प्रसंग तीन-चार मित्र मिळून घर घेतात तेव्हाचा. एजंट एकाच्याच नावानं करार करतो. तो नोकरी बदलून निघून जातो आणि मागे कोण राहतं हे आपल्याला कळतच नाही. म्हणून राहणाऱ्या सगळ्या सज्ञान व्यक्तींची नावं परवानाधारक म्हणून करारात घाला आणि पूर्ण रकमेची जबाबदारी सगळ्यांची एकत्रित ठेवा. नवरा-बायको दोघं असतील तर दोघांच्या सह्या घ्या. कुणी बदललं तर नवा करार. चौकशी करायचीच असेल तर ती सुरुवातीला, उघडपणे करा. नोकरी कुठे, आधीच्या मालकाचा अनुभव कसा, किती जण राहणार. जात, धर्म, ताटात काय, लग्न कधी, यांवरून भाडं वेळेवर येईल की नाही ते कळत नाही.

चौथा प्रसंग दुरुस्तीचा. गिझर बिघडला, छत गळलं. आपण शिफ्टवर असतो, फोन उचलता येत नाही. भाडेकरू दोन दिवस वाट बघतो आणि चिडतो. यासाठी करारातच रक्कम ठरवा. समजा, दोन हजारांपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूनं करून घ्यावी, बिल पाठवावं आणि पुढच्या भाड्यातून वजा करावं. मोठं काम आपलं. एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन यांचे नंबर आधीच देऊन ठेवा. रोजच्या वापरातली किरकोळ झीज भाडेकरूच्या माथी मारू नका.

भाडं उशिरा आलं तर? पहिल्यांदा साधा, सभ्य संदेश. सज्ञान माणसाला अडचण विचारता येते आणि तोही सांगू शकतो. दुसऱ्यांदा लेखी नोटीस. आपण नाराज आहोत हे मामांच्या तोंडून, शेजाऱ्यांच्या तोंडून त्याच्यापर्यंत पोहोचवू नका. जे बोलायचं ते थेट आणि जे ठरलं ते लेखी.

जाताना, आणि न गेला तर

घर देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, मीटरचं वाचन टिपा, सामानाची यादी कराराला जोडा. सोडताना तीच यादी हातात घेऊन बघा. अनामतीतून काय कापलं ते बिलासह दाखवा आणि उरलेली रक्कम किल्ली घेताना लगेच परत द्या. ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणणारा मालक नवीन भाडेकरूंमध्ये बदनाम व्हायला वेळ लागत नाही. खोलीला वर्षाच्या वापरानं पुन्हा रंग लागणं ही झीज आहे, तिचा खर्च कुणाच्या वाट्याला हे आधी लिहा.

मुदत संपूनही कुणी निघत नसेल तर डोकं शांत ठेवा. वीज-पाणी तोडायचं नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये अत्यावश्यक सेवा तोडण्याला शिक्षा आहे. कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, चार पोरं पाठवणं, यातलं काहीही केलं की बाजू आपली असूनही तक्रार आपल्याविरुद्ध उभी राहते, आणि तिला तोंड देणार तिथे असलेला आपला भाऊ. मुदत संपताच लेखी नोटीस द्या आणि नोंदणीकृत करार घेऊन सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूला शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य धरून आदेश होतो. आणि मुदत संपल्यावर नवा करार न करता गुपचूप भाडं घेत राहू नका, त्यानं आपलीच बाजू ढिली होते.

थोडक्यात उजळणी

कागदावर एकदा नजर टाकू. करार लेखी आणि नोंदणीकृत, मुदत जुलैअखेर संपणारी. मुखत्यारपत्र खास, मोजक्या अधिकारांचं. आपण अनिवासी आहोत हे करारात लिहिलेलं, करकपातीचं काम सी.ए.कडे, भाडं एन.आर.ओ. खात्यात, विवरणपत्र दरवर्षी. पोलिसांची पोच आणि सोसायटीला प्रत. सगळ्या सज्ञान राहणाऱ्यांची नावं, पाहणीसाठी २४ तासांची पूर्वसूचना, दुरुस्तीची मर्यादा, सामानाची यादी. एवढं एका फाइलमध्ये लावा आणि तिची एक प्रत फोनमध्ये ठेवा. आपल्या घराबाबत काही वेगळी गुंतागुंत असेल, म्हणजे वारसाहक्क, संयुक्त मालकी किंवा चालू कर्ज, तर सही करण्याआधी वकिलाला आणि सी.ए.ला एकदा विचारा.

येत्या सुट्टीत गावी जाणार असाल तर बॅगा भरण्याआधी जुना करार काढून मुदत कधी संपते ते बघा. आणि तो नुसताच नोटरीचा असेल, तर या वर्षीच्या सुट्टीतलं पहिलं काम ठरलं.

आपले प्रश्न नेहमीप्रमाणे कार्यक्रमाकडे पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, नमस्कार.